उघड – पण कोणाला?

गोदाकाठच्या या व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला म्हणजे तो पगारवाढ, बोनस, कंत्राटी पद्धत यांवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. असे असता मी इंग्रजीतल्या पाच-सहा समानार्थी शब्दांची चर्चा करणार, हे ऐकून कित्येकांच्या भुवया वर गेल्या असतील. शब्दांचा कीस काढणे हे प्राध्यापकांचे काम. आपण त्या वाटेला कशाला जावे? उत्तर एवढेच की, परीक्षेत शब्द चुकला तर एखादा गुण जातो, आमच्याकडे शब्द चुकला तर माणसाची नोकरी जाते. माझे शाळेतले शिक्षण आठवीच्या पुढे गेले नाही. इंग्रजी मी शिकलो ते सातपूर आणि अंबडच्या कामगारांनी आणून दिलेली आरोपपत्रे वाचता वाचता, वीरकरांचा कोश मांडीवर घेऊन. त्या शिक्षणात ‘अमुक गोष्ट उघड आहे’ या अर्थाचे शब्द मला जितके भेटले तितके दुसरे कोणतेच भेटले नाहीत. ऑब्व्हिअस, एव्हिडंट, अ‍ॅपरंट, मॅनिफेस्ट, पेटंट, सेल्फ-एव्हिडंट – कोशात पाहू गेलो तर ‘उघड’, ‘स्पष्ट’, ‘प्रकट’ हीच उत्तरे फिरून फिरून समोर येत. कोशकाराचा त्यात दोष नाही. त्याला एका ओळीत भागवायचे असते. पण ज्याच्यावर आरोप ठेवला आहे त्याला एका ओळीत भागत नाही.

फरक डोळ्यांना दिसावा म्हणून आपल्या नाशिकचीच एक वस्तू घेऊ. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ सालापासून नोटा छापल्या जात आहेत. शंभराची नोट हातात घ्या. तिच्यावरचा शंभराचा आकडा, गांधीजींचे चित्र या गोष्टी नजर टाकताच दिसतात. त्या पाहण्यासाठी काही करावे लागत नाही. हे झाले ऑब्व्हिअस. पण कागदाच्या पोटात जलचिन्ह आहे. ते नोट उजेडासमोर धरल्यावरच दिसते. मात्र एकदा धरली की शंका उरत नाही. हे एव्हिडंट. चित्राची शाई किंचित उठावदार असते; अंधारातही बोटाला ती जाणवते. अशा हाताला लागणाऱ्या उघडपणाला इंग्रजीत पाल्पेबल म्हणतात. आणि कोणी गल्ल्यावर बसून लांबूनच म्हणाला, ‘ही नोट मला खोटी दिसते बुवा’, तर ते अ‍ॅपरंट. दिसते खरे, पण तपासलेले नाही.

या शब्दांची कुळकथाही अशीच आहे. ऑब्व्हिअस हा शब्द लॅटिनमधल्या ‘वाट’ या अर्थाच्या शब्दापासून निघालेला आहे: जे वाटेतच आडवे उभे आहे ते. वाटेत उभे असलेले सर्वांनाच दिसते असे मात्र नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा हे आपल्याकडेही चालतेच. एव्हिडंटमध्ये ‘पाहणे’ आहे, आणि त्या शब्दाचा सख्खा भाऊ म्हणजे एव्हिडन्स, अर्थात पुरावा. हे नाते मी आमच्या कार्यकर्त्यांना पाठ करायला लावतो. जेथे एव्हिडन्स नाही तेथे एव्हिडंट म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. मॅनिफेस्टचे नाते ‘हात’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाशी लावतात. हाताने धरलेला, म्हणजे आपण ज्याला मुद्देमालासह पकडलेला म्हणतो तो. रोमन कायद्यात असा जागेवर धरला गेलेला चोर चोरलेल्या मालाच्या चौपट दंड भरी आणि मागाहून सापडलेला दुप्पट. चोरी तीच, परंतु तिचा उघडपणा वेगळा म्हणून शिक्षा वेगळी. शब्दाच्या छटेला दंडाचे मोजमाप लावल्याचे इतके जुने उदाहरण दुसरे माझ्या वाचनात नाही.

पेटंटची गोष्ट मोठी मौजेची आहे. इंग्लंडचे राजे दोन तऱ्हेची पत्रे काढीत. एक घडी घालून मोहरबंद केलेले, ज्याच्या नावचे असेल त्यानेच फोडावयाचे. दुसरे उघडे, खाली मोहर लटकलेली, कोणीही वाचावे असे. या दुसऱ्या उघड्या पत्राला लेटर्स पेटंट म्हणत. संशोधकाला मिळणारे पेटंट हे त्याच उघड्या पत्राचे वंशज. म्हणजे पेटंट गोष्ट ती, जी कागद फोडल्याशिवाय, मोहर मोडल्याशिवाय वाचता येते. आपला ‘उघड’ शब्दही संस्कृत ‘उद्‌घाट’ या मूळचा, झाकण काढलेला. दोन दूरच्या भाषांनी उघडपणाची कल्पना झाकण काढण्यावरूनच करावी याची मला गंमत वाटते.

राहिला अ‍ॅपरंट. याला दोन तोंडे आहेत. इंग्लंडच्या राजघराण्यात ज्याचा वारसा पक्का, दुसऱ्या कोणाच्या जन्माने जो हटू शकत नाही, त्याला हेअर अ‍ॅपरंट म्हणतात. येथे अ‍ॅपरंट म्हणजे पक्के. पण अ‍ॅपरंट डेथ म्हणजे मेल्यासारखा दिसणारा. येथे अ‍ॅपरंट म्हणजे नुसता भास. आपले ‘दिसणे’ हे क्रियापद असेच दुतोंडी आहे, पण मराठीने त्यावर एक सोपा उपाय काढलेला आहे: ‘च’. ‘तो झोपलेला दिसतो’ म्हणजे बहुधा झोपला असावा. ‘तो झोपलेला दिसतोच आहे’ म्हणजे वाद संपला. इंग्रजीला हा एवढासा ‘च’ नसल्यामुळे तेथे एकच अ‍ॅपरंट दोन्ही कामे करतो, आणि लिहिणाऱ्याने कोणते काम करून घेतले हे वाचणाऱ्याने ओळखायचे.

आता हे शब्द कारखान्यात कसे वागतात ते पाहू. एक प्रकरण सांगतो. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. रात्रपाळीचा एक प्रेस ऑपरेटर. सुपरवायझरने रिपोर्ट दिला की, पहाटे तीनच्या सुमारास हा मनुष्य यंत्राशेजारी स्टुलावर बसलेला होता आणि त्याचे डोळे मिटलेले होते. रिपोर्टात एवढेच. आठ दिवसांनी आरोपपत्र आले. त्यात लिहिले होते की, सदर रिपोर्टावरून तुम्ही कामावर झोपला होता हे अ‍ॅपरंट आहे. येथपर्यंत माझी तक्रार नाही. आरोपपत्रात ‘असे दिसते’ म्हणण्यापलीकडे मालकाला काही म्हणता येत नाही, म्हणूही नये. मग खातेअंतर्गत चौकशी झाली. कंपनीचा साक्षीदार एकच, तोच सुपरवायझर. त्याने रिपोर्टातलेच वाक्य पुन्हा सांगितले. कामगाराचे म्हणणे, डोळ्यात लोखंडाचा कण गेला होता. प्रथमोपचाराच्या रजिस्टरात त्याच रात्रीची, डोळ्यात औषध घातल्याची नोंद होती. चौकशी अधिकाऱ्याने अहवालात लिहिले की, आरोप एव्हिडंट आहे. रजिस्टरचा उल्लेख नाही. आणि बडतर्फीच्या हुकमात लिहून आले की, तुमचे मॅनिफेस्ट गैरवर्तन लक्षात घेता तुम्हाला सेवेत ठेवणे शक्य नाही, हे ऑब्व्हिअस आहे.

श्रोतेहो, येथे काय घडले? पहिल्या दिवशी जो पुरावा होता तोच शेवटच्या दिवशी होता. त्यात गुंजभर भर पडलेली नव्हती. चढत गेला तो फक्त शब्द. ‘दिसते’चे ‘पुराव्याने दिसते’ झाले, त्याचे ‘हाताने धरला’ झाले, आणि अखेरीस ‘वाटेतच उभे आहे, विचारायचे काय त्यात’ असे झाले. या शब्दांच्या जिन्याला मी नेहमी पाहत आलो आहे. तो चढणारा मनुष्य लबाडच असतो असेही नाही. पुष्कळदा तो बिचारा एकच शब्द पुन्हा वापरायला नको म्हणून नवा शब्द घेतो, शाळेत त्याला तसेच शिकवलेले असते. निबंधात ही गोष्ट शोभते. हुकमात ती माणसाच्या पोटावर येते.

पुढचा भाग कायद्याचा आहे, पण त्यात घाबरण्यासारखे काही नाही. महाराष्ट्राने १९७१ साली कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध यांविषयी एक कायदा केला. त्याच्या चौथ्या परिशिष्टात मालकाने कोणत्या प्रकारे कामगाराला काढल्यास ती अनुचित प्रथा ठरते याची यादी आहे. त्यातला एक प्रकार असा की, कामगाराला ‘पेटंटली’ खोट्या कारणावरून काढून टाकणे. हाच शब्द पुढे १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९८२ च्या दुरुस्तीने आला, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टातही तो तसाच उतरला. नुसत्या ‘खोट्या’ कारणावरून असे लिहिले असते तर काय बिघडले असते? कायद्यात शब्द फुकट पडत नाही, असे वकील म्हणतात. मग ‘पेटंटली’ या शब्दाचा भार आमच्या डोक्यावर येतो. कारण खोटे आहे एवढे दाखवून भागत नाही. ते उघड्या पत्रासारखे, मोहर न फोडता वाचता येईल इतके खोटे आहे, असे दाखवा, असा आग्रह समोरचा वकील धरतो.

ज्या दिवशी भांडण केले असा आरोप आहे त्या दिवशी मस्टरवर साप्ताहिक सुटी लागलेली असेल, तर ते कारण पेटंटली खोटे. मस्टर उघडले की संपले. पण आमच्या ऑपरेटरचे तसे नव्हते. औषधाची नोंद होती. तीवरून डोळ्यात कण गेला असावा, त्यावरून डोळे मिटले असावेत, त्यावरून तो झोपला नसावा, असा तीन पायऱ्यांचा जिना आम्हाला चढावा लागत होता. म्हणून अनुभवी संघटना एकाच कलमावर विसंबत नाही. त्याच यादीत, मालकाने आपल्या हक्काचा केवळ देखाव्यापुरता वापर करणे, नैसर्गिक न्यायाची सर्वस्वी पायमल्ली करणे, किरकोळ गैरवर्तनासाठी धक्का बसावा इतकी अवाजवी शिक्षा देणे, असेही प्रकार आहेत; ते सारे सोबत मांडावे लागतात, आणि तक्रार घटना घडल्यापासून नव्वद दिवसांच्या आत न्यायालयात जावी लागते. आमच्या प्रकरणात अखेर तडजोड झाली. मनुष्य कामावर परत गेला. मागचा पगार मात्र निम्माच मिळाला.

‘सकृद्दर्शनी’ हा शब्दही येथेच घेतो, कारण त्याचा फार गोंधळ होतो. सकृत् म्हणजे एकदा. एकदा पाहताक्षणी जसे दिसेल तसे. लॅटिनमधल्या प्रायमा फेसीची ही नेमकी जोड आहे. वृत्तपत्रांत ‘सकृद्दर्शनी पुरावा आढळला’ असे छापून आले की वाचणाऱ्याला वाटते, गुन्हा शाबीत झाला. वस्तुतः मार्टिन बर्न कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ सालीच खुलासा करून ठेवला आहे की, सकृद्दर्शनी प्रकरण म्हणजे पुरते सिद्ध झालेले प्रकरण नव्हे. दिलेला पुरावा खरा मानला तर ज्यातून आरोप उभा राहू शकतो ते. ‘खरा मानला तर’ – ही अट वृत्तपत्राच्या मथळ्यात मावत नाही.

उघडपणाला माप लावण्याचा प्रयत्न मोठमोठ्या न्यायमूर्तींनीही करून पाहिला आहे. कागदपत्रांच्या तोंडावरच दिसणारी चूक – इंग्रजीत तिला एरर अ‍ॅपरंट म्हणतात – असेल तर वरचे न्यायालय खालच्याचा निर्णय मोडू शकते. मग अशी चूक ओळखावी कशी? सुरत त्या काळी मुंबई राज्यात होते. तेथील नगरपालिकेच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी कसोटी सांगितली की, जी चूक दाखवण्यासाठी युक्तिवाद करावा लागतो ती अशी चूक नव्हे; ती स्वयंस्पष्टच असली पाहिजे. कसोटी सुटसुटीत होती. पण डिसेंबर १९५४ मध्ये हरि विष्णु कामत यांच्या निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बोट ठेवले. तेथे वाद मतपत्रिकांचा होता. काही मतदारांना लोकसभेच्या हिरव्या पट्टीच्या पत्रिकेऐवजी विधानसभेची तपकिरी पट्टीची पत्रिका दिली गेली होती. न्यायालयाने छागलांची कसोटी बहुतेक ठिकाणी उपयोगी पडेल हे मान्य केले, पण पुढे असे म्हटले की, एका न्यायाधीशाला जी चूक स्वयंस्पष्ट वाटते ती दुसऱ्याला तशी वाटेलच असे नाही. तेव्हा पक्की व्याख्या करता येत नाही, प्रत्येक प्रकरणाच्या हकिकतीवरूनच ठरवावे लागते. १९५९ साली त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: जेथे दोन मते संभवतात आणि लांबलचक तर्क चालवूनच जी चूक काढावी लागते, ती तोंडावर दिसणारी चूक म्हणता येत नाही. माझ्यासारख्या अर्धशिक्षिताला या निकालांनी मोठा धीर दिला. ज्यांचा सारा जन्म शब्द तोलण्यात गेला त्यांनाही ‘उघड’ या शब्दाला माप सापडले नाही. मात्र त्यांनी प्रश्न विचारला – कोणाला उघड? तो आमच्या चौकशी अधिकाऱ्याने विचारला नव्हता.

या प्रश्नाचे स्वच्छ उत्तर एकाच कायद्यात लिहून ठेवलेले मला आढळले, तो म्हणजे १९७० चा पेटंट कायदा. ज्या सुधारणेला पेटंट हवे ती ऑब्व्हिअस असता कामा नये, आणि कोणाला? तर त्या कसबात तरबेज असलेल्या माणसाला. रस्त्याने जाणाऱ्याला नव्हे, साहेबालाही नव्हे. येथे मिर्झापूरच्या भांडी-कारखानदारांचा खटला सांगण्याजोगा आहे. तांबट आळीच्या शेजारी वाढलेल्या नाशिककरांना तो चटकन समजेल. भांडे लेथवर चढवून घासताना ते पक्के धरून कसे ठेवावे, याच्या एका सुधारणेवर एका कारखान्याने पेटंट घेतले होते. शेजारच्या कारखान्याने तीच रीत वापरली म्हणून दावा झाला. तो चढत चढत सर्वोच्च न्यायालयात गेला आणि डिसेंबर १९७८ मध्ये निकाल लागला की, यात शोध नाही. ज्या गोष्टी कारागिरांना आधीपासून ठाऊक होत्या त्यांचीच ही जुळवणी आहे. मला त्यातली एक गोष्ट आवडली. येथे उघड काय हे ठरवायला कायद्याने कारागिराचा डोळा मागितला. रात्रपाळीच्या कामगाराचे डोळे का मिटतात, हे प्रेसवर दहा वर्षे काढलेल्या माणसाला विचारावे, असे कोणत्याही स्थायी आदेशात लिहिलेले मी पाहिले नाही.

सेल्फ-एव्हिडंट, म्हणजे ज्याला दुसरा पुरावाच लागत नाही ते. भूमितीतले स्वयंसिद्ध तत्त्व. आपली म्हण याहून झकास आहे: हातच्या कांकणाला आरसा कशाला? अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व माणसे समान आहेत हे सत्य सेल्फ-एव्हिडंट म्हणून घातलेले आहे. जेफर्सनच्या कच्च्या खर्ड्यात तेथे ‘पवित्र आणि नाकारता न येणारे’ असे शब्द होते. ते जाऊन हा आला. बदल चांगला झाला. सत्य देव्हाऱ्यातून उचलून भूमितीच्या वहीत ठेवले गेले. तरीही ज्या देशात ते लिहिले गेले तेथे गुलामगिरी कायद्याने जायला १८६५ साल उजाडले. आणि दूर कशाला जावे? येथून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. माणसाने देवळात जावे ही गोष्ट हातच्या कांकणासारखी. तीसाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला, माणसांनी मार खाल्ला, तुरुंग पाहिला. दरवाजा उघडला नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली, ती या पार्श्वभूमीवर. कांकण हातात होते. पाहणाऱ्याने डोळे मिटले होते, आणि त्याला आरोपपत्र देणारा कोणी नव्हता.

मराठीकडे वळतो. उघडपणाच्या बाबतीत आपली भाषा दरिद्री आहे असे कोणी समजू नये. ‘साहजिक’ आणि ‘उघड’ आपण एकाच्या जागी दुसरा वापरतो, पण ते एक नव्हेत. बारा तास उभा राहिलेला माणूस चिडतो हे साहजिक. तो चिडला हे उघड. पहिल्यात कारण आहे, दुसऱ्यात केवळ दर्शन. ‘ढळढळीत’मध्ये दुपारचे ऊन आहे. ‘धडधडीत’ तर फार बोलका शब्द. धडधडा पेटलेल्या आगीची त्याने आठवण होते, आणि नवल असे की इंग्रजीतला फ्लॅग्रंट हा शब्दही ‘जळणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासूनच आलेला आहे. पेटंटली खोटे म्हणजे काय, हे न्यायालयात तासभर समजावून सांगण्यापेक्षा ‘धडधडीत खोटे’ म्हटले की कारखान्याच्या दारातल्या चहावाल्यालाही कळते.

पण मराठी आली म्हणून जिना गेला असे झालेले नाही. आता पुष्कळ आरोपपत्रे मराठीतून येतात, आणि ती वाचताना मला जुने ओळखीचे चेहरे नव्या कपड्यांत भेटतात. आरोपपत्रात असते ‘असे निदर्शनास आले आहे’. चौकशी अहवालात तेच ‘निष्पन्न होते’. हुकमात ‘निर्विवादपणे सिद्ध झाले आहे’. यांतला ‘निदर्शनास आले’ हा प्रयोग सर्वांत बेरकी. त्याला कर्ताच नाही. कोणाच्या निदर्शनास आले, किती वाजता, किती अंतरावरून, उजेड होता की नव्हता, यातले काहीच सांगावे लागत नाही. म्हणून आमच्या कचेरीत कामगार असे पत्र घेऊन आला की आम्ही खुलासा लिहायला घेण्यापूर्वी लाल पेन्सिलने त्यातल्या ‘दिसून येते’, ‘निदर्शनास आले’, ‘उघड आहे’ अशा सगळ्या जागांखाली रेघा ओढतो, आणि प्रत्येक रेघेसमोर समासात दोन प्रश्न लिहितो: कोणी पाहिले? कोणत्या कागदावर? खुलाशात पहिली मागणी त्या कागदांची असते; बाकीचे सारे त्यानंतर.